सेक्रेटरींचा वैशाख

दरवर्षी पाडवा उलटून पंधरा दिवस झाले की ठाण्याच्या वर्तकनगरातली माणसं बिघडायची. हे त्र्यंबक साळसकरांचं अकरा वर्षांचं निरीक्षण होतं, आणि साळसकर एका कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे निरीक्षणात आपली मिलिमीटरचीही चूक होत नाही अशी त्यांची खात्री होती. मार्चपर्यंत सज्जन असलेला वरच्या मजल्यावरचा माणूस एप्रिलात मुद्दाम खुर्ची ओढायला लागायचा. दूधवाला मुद्दाम बेल लांबवायचा. समोरच्या झाडावरची कोकिळा नेमकी त्यांच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायची. आणि बायको मुद्दाम मोठ्याने श्वास घ्यायची. मग जूनच्या मध्यावर, कुणी काही न सांगता, ही सगळी मंडळी आपोआप सुधारायची. साळसकर त्यांना मोठ्या मनाने माफ करायचे.

साळसकर 'स्नेहसंवर्धन' सोसायटीचे सेक्रेटरी होते. चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं, एक गंजकं फाटक, आणि स्नेहाचं संवर्धन फक्त पाटीवर. अकरा वर्षं हे पद त्यांच्याकडेच होतं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. पण दर वार्षिक सभेच्या इतिवृत्तात 'बिनविरोध' असा शब्द यायचा आणि तो ते दोनदा वाचायचे.

त्यांचं खरं वैभव म्हणजे नोटिसा. अक्षर ड्रॉइंग ऑफिसातलं, एकेक टपोरं, मात्रा फूटपट्टीने मारल्यासारख्या. दिवाळीच्या सुमाराची नोटीस अशी असायची: 'सर्व सभासदांस मनःपूर्वक शुभेच्छा. गच्चीवर फटाके उडवू नयेत ही नम्र विनंती. फराळाची देवाणघेवाण मात्र जरूर करावी.' हाच माणूस मे महिन्यात लिहायचा: 'दुपारी एक ते पाच या वेळेत लहान मुलांनी अस्तित्वात असल्याचा आवाज करू नये.' किंवा: 'गॅलरीत कुरडया वाळत घालणाऱ्यांच्या कुरडयांना सोसायटी जबाबदार राहणार नाही. त्या खाणाऱ्यांनाही नाही.' एका वर्षी तर: 'कोकिळेस कुणी सभासद खाद्य घालत असल्यास तत्काळ बंद करावे. नाव कळले आहे.'

लोक या नोटिसांचे फोटो काढून पाहुण्यांना पाठवायचे. घोडबंदर रोडच्या टॉवरांत राहणारे भाचे-पुतणे 'यंदाची आली का?' म्हणून विचारायचे. बत्तीस घरांतली शंभरेक माणसं दर उन्हाळ्यात पोट धरून हसायची, आणि या माणसाला एप्रिलात होतं तरी काय, असा प्रश्न अकरा वर्षांत एकालाही पडला नाही. फुकटची करमणूक असताना प्रश्न कोण विचारतो?

होत असायचं ते असं. पहाटे चारला डोळा उघडायचा आणि पहिला विचार यायचा, आणखी एक दिवस. सहाला खिडकीतून उजेड आत घुसायचा, परवानगी न घेता, घराची झडती घ्यायला आल्यासारखा. आठला त्या उजेडाला धार चढायची. साळसकरांनी खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, त्यावर वर्तमानपत्रं चिकटवली, तरी फटीफटीतून तो यायचाच. वरणभात तोंडात घेतला की भिजलेला कागद चघळल्यासारखं वाटायचं. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कशाला उठलो ते आठवायचं नाही. छातीत दिवसभर कुणीतरी पेन्सिलीला टोक करत बसलेलं. दर जूनला पट्ट्याला एक नवं भोक पाडावं लागायचं, आणि ते काम ते स्वतः कंपास घेऊन, बरोबर मध्यावर करायचे.

याला काही नाव असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. डिप्रेशन या गोष्टीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ते घोडबंदर रोडला होतं. एकविसाव्या मजल्यावर राहिलं, कुत्रा पाळला आणि स्वयंपाकाला बाई ठेवली की होतं. "आमच्या वेळी हे नव्हतं," ते म्हणायचे. "आमच्या वेळी पित्त होतं."

एकदा, तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, जिन्यात त्यांच्या तोंडून निसटलं होतं, "मन कशात लागत नाही हो हल्ली." समोर दुसऱ्या मजल्यावरचे महिपत गावकर उभे होते. गावकर म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे धन्वंतरी.

"आंब्याच्या सीझनला मन लागत नाही?" गावकर ओरडलेच. "अहो, लोक वर्षभर वाट बघतात या दिवसांची! साळसकर, तुम्हाला सुख टोचतंय."

आणि दुपारपर्यंत ग्रुपवर, नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा बेताने, उपाय सुरू झाले. सब्जा घ्या. गुलकंद घ्या. तळपायाला काशाची वाटी घासा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊ नका. पलंगाची दिशा बदला. खिशात कांदा ठेवा. साळसकरांनी तीन दिवस खिशात कांदा ठेवला. चौथ्या दिवशी बँकेच्या रांगेतला पुढचा माणूस मागे वळून वळून बघायला लागला, तेव्हा तो काढला. ओळखीच्या डॉक्टरांनी नाडी न बघताच निदान केलं, "उष्णता आहे. आणि जरा हसत जा." साळसकर घरी आले आणि त्यांनी कोकिळेची नोटीस लिहिली.

बायको, कांताबाई, दर एप्रिलच्या वीस तारखेला कुडाळला बहिणीकडे जायच्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत यायच्या. हे गेली नऊ वर्षं चाललं होतं. 'हिला आंब्यांचं वेड,' असं साळसकर सगळ्यांना सांगायचे. मुलगी सोनल लग्न होऊन डोंबिवलीला होती. ती रविवारी फोन करायची आणि 'बाबा, जेवलात?' विचारायची. बाबा 'हो' म्हणायचे. दोघंही खोटं बोलण्या-ऐकण्यात तरबेज झाली होती.

गेल्या वर्षी जानेवारीत एडना डिमेलो सहसेक्रेटरी झाल्या. कमिटीत बायका हव्यात असा नियम होता आणि मीटिंगला त्या एकट्याच वेळेवर आल्या होत्या, एवढीच त्यांची पात्रता धरली गेली. तळमजल्यावर राहायच्या. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

एप्रिलच्या शेवटी इमारतीच्या पुनर्विकासासाठी बिल्डरच्या माणसाने सोसायटीचे सगळे कागद तारीखवार लावून मागितले. सिस्टरनी अकरा वर्षांच्या नोटिसांचं गाठोडं जेवणाच्या टेबलावर सोडलं. पहिला तासभर त्या नवऱ्याला, सिरिलला, मोठ्याने वाचून दाखवत हसत होत्या. मग हसणं कमी झालं. मग थांबलं. त्यांनी दोन ढीग केले, एक साधा, एक जहरी. जहरी ढिगातला एकही कागद पाच एप्रिलच्या आधीचा नव्हता आणि सतरा जूनच्या नंतरचा नव्हता. अकरा वर्षं. एकही नाही.

"सिरिल," त्या म्हणाल्या, "हा माणूस खडूस नाय रे. हा आजारी आहे."

सिरिलनी मान डोलावली. ते मॅच बघत होते.

सिस्टर साळसकरांशी बोलायचं कसं, याचा चार-पाच दिवस विचार करत राहिल्या. तेवढ्यात मुलांनीच गोष्ट पुढे सरकवली. मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, बोर्डावर साळसकरांच्या नोटिशीशेजारी वहीचा कागद टाचलेला दिसला. स्केचपेनने लिहिलं होतं: 'सेक्रेटरी आजोबांनी मुलांच्या खेळाच्या वेळेत अस्तित्वात असल्याचा आवाज करू नये. हुकमावरून.' खाली सात सह्या. पहिली सही आठ वर्षांच्या सान्वीची, फुलासकट.

साळसकरांनी तो वाचला. फाडला नाही, हे विशेष. ते वळले, जिना चढले, चार मजले, गच्चीवर गेले, आणि पाण्याच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकला.

खाली हाहाकार झाला. गावकर तर डोक्याला शाम्पू लावून उभे होते. ते टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, भिंत चाचपत जिन्यात आले आणि त्याच अवस्थेत त्यांनी हे प्रकरण सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नेण्याची भाषा केली. दहा-बारा पुरुष जमले. वर कोणी जायचं यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला पोलिसांना सांगू. एक म्हणाला आधी ग्रुपवर टाकू. तिसऱ्याने टाकलंही. चर्चेत पंचवीस मिनिटं गेली आणि वर कुणीच गेलं नाही, कारण वर ऊन होतं.

एडना सिस्टर छत्री आणि फ्रिजमधली बाटली घेऊन बाहेर आल्या. "सरका," म्हणाल्या. गुडघ्यांना शिव्या देत, दर मजल्यावर थांबत त्या वर पोचल्या.

साळसकर टाकीच्या भिंतीला टेकून बसले होते. सावली हातभर होती आणि ते तिच्यातही नीट बसलेले नव्हते. एक पाय उन्हात होता. चप्पल निघालेली. सिस्टर शेजारी बसल्या आणि छत्री दोघांवर धरली.

"सेक्रेटरी, पाणी घ्या."

"पाणी मी बंद केलंय."

"म्हणून तर फ्रिजमधलं आणलं."

साळसकर प्यायले. अर्धी बाटली एका दमात.

"सिस्टर, मी व्हॉल्व्ह बंद केला," ते म्हणाले, "आणि मग आठवेचना, कशासाठी. म्हणून जरा बसलो. मग उठता येईना."

"झोप किती लागते?"

"उन्हाळ्यात कुणाला लागते?"

"मला लागते. घोरते मी. सिरिलला विचारा." सिस्टरनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "जेवता?"

"चव नाही अन्नाला."

"मरावंसं वाटतं?"

पोट साफ होतं का, असं विचारावं त्याच स्वरात त्यांनी विचारलं. एकसष्ट वर्षांत साळसकरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कांदा कोणत्या खिशात ठेवायचा ते सांगणारे पुष्कळ भेटले होते.

"ठरवलेलं काही नाही," निघालेली चप्पल पायात सरकवत ते म्हणाले. "पण सकाळी जाग आली नाही तर बरं होईल, असं वाटतं. रोज वाटतं. जूनपर्यंत."

"जूनपर्यंत?"

"जूनमध्ये बरं वाटतं," साळसकर म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्याकडे दचकून पाहत राहिले.

सिस्टरनी छत्री त्यांच्या हातात दिली, स्वतः उठल्या, आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवायला त्यांनाच लावलं. खालून आनंदाचा गलका झाला. सर्वांत मोठा आवाज गावकरांचा होता.

त्या दिवशी सिस्टरनी त्यांना एकटं घरी जाऊ दिलं नाही. तळमजल्यावर, पडदे ओढून, पंख्याखाली बसवलं. पेज मीठ घालून दिली. आणि आतल्या खोलीतून कुडाळला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून कांताबाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. आम्ही बहिणी त्याला वैशाख म्हणतो. 'यांना वैशाख लागला' म्हणते मी, आणि बॅग भरते. आजार असेल असं नाही वाटलं. स्वभाव वाटला. लग्नाच्या आधी विचारायचं राहून गेलं असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या ठाण्यात हजर होत्या.

"आंबे संपले का?" साळसकरांनी विचारलं. जरा टोचूनच.

कांताबाईंनी बॅग खाली ठेवली. "मला आंब्याने तोंड येतं," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. तुम्हाला माहीत नाही?"

साळसकरांना खरंच माहीत नव्हतं. सोसायटीतल्या बत्तीसही घरांच्या गळतीची जागा त्यांना तोंडपाठ होती.

सिस्टरनी त्यांच्यासमोर दोन ढीग ठेवले. साळसकर आधी भांडले. हा योगायोग आहे, म्हणाले. उन्हाळ्यात पाणी कमी येतं, मुलांना सुट्टी असते, म्हणून नोटिसा जास्त लागतात. सिस्टर म्हणाल्या, "मी मजकूर बघत नाय. मी तारीख बघते. तापाचा तक्ता असाच असतो." साळसकर ढीग घेऊन घरी गेले. ड्राफ्ट्समन माणूस, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी ग्राफ पेपर काढला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर दर नोटिशीतले अपमानकारक शब्द. अकरा वर्षांच्या अकरा रेषा, प्रत्येकीला वेगळी शाई. दोन दिवस लागले. काम संपलं तेव्हा कागदावर अकरा डोंगर एकमेकांत मिसळून एकच डोंगर झाला होता, आणि त्याचं शिखर दरवर्षी दहा ते वीस मेच्या मध्ये होतं. इतकं स्वच्छ ड्रॉइंग त्यांनी नोकरीतही काढलं नव्हतं. माणसं बिघडत नव्हती. त्यांनी कांताबाईंना हाक मारून कागद दाखवला. त्यांनी एका टोकावर बोट ठेवून विचारलं, "हे कुठलं?" ते कोकिळेचं वर्ष होतं.

मनोविकारतज्ज्ञ शोधली ती सिस्टरनीच. दवाखाना निघाला घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, टाइल्सच्या दुकानाच्या डोक्यावर. दैवाने साळसकरांची एवढी थट्टा तरी करायला नको होती. रिक्षा मानपाड्याच्या सिग्नलला चाळीस मिनिटं उभी राहिली आणि तेवढ्यात ते तीनदा म्हणाले, "परत जाऊ या. मला बरं वाटतंय." दवाखान्यात एसी इतका गार होता की बाकावर बसल्या बसल्या त्यांना खरोखरच बरं वाटलं, आणि आपण बरे झालो या समजुतीने ते दारापर्यंत गेलेही. कांताबाईंनी शर्ट धरला.

डॉक्टर संचिता करंदीकर पस्तिशीच्या असतील. साळसकरांच्या मते बारावीच्या. त्यांनी ग्राफ टेबलावर पसरला आणि एकेका रेषेवरून पेन फिरवत तो शेवटपर्यंत वाचला.

"हे तुम्ही काढलंत?"

"स्केल एकास एक आहे," साळसकर म्हणाले.

मग डॉक्टरांनी सांगितलं. ठरावीक ऋतूत येणारं डिप्रेशन असतं. थंड देशांत पुष्कळांना हिवाळ्यात येतं, काहींना मात्र उन्हाळ्यात येतं. त्यात माणूस अंथरुणात पडून राहतोच असं नाही. झोप जाते, भूक जाते, वजन उतरतं, जीव तगमगतो, सगळ्या जगाचा राग येतो. ऋतू बदलला की उतरतं, म्हणून माणूस विसरतो, आणि घरचेही.

"पण हे इकडच्या लोकांना होतं ना?" साळसकरांनी खिडकीबाहेरच्या टॉवरांकडे हात केला. "घोडबंदर रोडवाल्यांना?"

"सगळीकडे होतं, काका. इकडचे लोक लवकर येतात, एवढंच. वर्तकनगरचे अकरा वर्षांनी येतात. तेही कुणी शर्ट धरून आणलं तर."

गोळ्या दिल्या. त्यांना तीन-चार आठवडे लागतील, तोवर चमत्काराची वाट बघू नका, म्हणाल्या. जाड पडदे लावा. झोपायची आणि उठायची वेळ बदलू नका. ऊन तापायच्या आत उपवन तलावावर चालायला जा. कुणी लग्नाला, बारशाला बोलावलं तर टाळू नका. नको ते विचार वाढले तर त्याच दिवशी फोन करा, नोटीस लिहीत बसू नका. कांदा, गुलकंद यांवर काही बंदी नव्हती. गुलकंद चांगला लागतो, म्हणाल्या.

साळसकरांनी गोळ्या घेतल्या, तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुरले, आणि चौथ्या आठवड्यात बरं वाटल्याबरोबर 'आता गरज नाही' असं स्वतःच ठरवून बंद केल्या. आठवडाभरात पुन्हा पहाटे चारला डोळा उघडायला लागला. फोनवर डॉक्टरांनी त्यांना असं फैलावर घेतलं की बारावीच्या मुलीकडून एवढं ऐकून घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

सोसायटीला ते दात दाखवायला जातात असं सांगण्यात आलं होतं. दातासाठी महिन्यातून दोनदा कासारवडवलीला कोण जातं, पण स्नेहसंवर्धनने ते मान्य केलं. दात ही सभ्य गोष्ट आहे.

ऑगस्टच्या वार्षिक सभेत गावकरांनी पाण्याचं प्रकरण काढलं. शाम्पू डोळ्यांत गेल्याचं सविस्तर वर्णन झालं. "अशा माणसाने राजीनामा द्यावा," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

साळसकर उभे राहिले. त्यांनी पिशवीतून ग्राफ काढला, उलगडला, आणि भिंतीवर चार टाचण्यांनी लावला.

"हा एप्रिल," ते म्हणाले. "हा जून. आणि मधला हा डोंगर, तो मी. मला आजार आहे. डिप्रेशन म्हणतात. उन्हाळ्यात येतो. दाताचं खोटं होतं." आणि पुढे म्हणाले, "राजीनामा देतो. पण दुसरं कुणी तयार असेल तर."

दुसरं कुणी तयार नव्हतं. पुनर्विकासाच्या काळात सेक्रेटरीपद म्हणजे फुकटची झकमारी, हे सर्वांना ठाऊक होतं. एका क्षणात सभेला साळसकरांविषयी माया दाटून आली. एकाने विचारलं, सांसर्गिक आहे का? एका बाईंनी विचारलं, देवीचं काही राहिलंय का? मग साळसकरांनीच मांडलेला ठराव मंजूर झाला: एक एप्रिल ते तीस जून या काळातल्या प्रत्येक नोटिशीवर सहसेक्रेटरींची सही लागेल. इतिवृत्तात कारण काय लिहायचं यावर अर्धा तास वाद झाला. 'आजार' लिहायला सभा धजेना. शेवटी लिहिलं, 'हवामान'.

आणि गंमत पुढेच आहे. त्या आठवड्यात सोसायटीतल्या चार जणांनी साळसकरांना जिन्यात गाठून, आवाज खाली आणून, डॉक्टरांचा नंबर मागितला. स्वतःसाठी नाही हो, मेहुण्यासाठी. चौघांपैकी दोघांना मेहुणे नव्हते. एक गावकर होते. साळसकरांनी चौघांनाही नंबर लिहून दिला, टपोऱ्या अक्षरात, आणि मेहुण्यांची चौकशी केली नाही. हे त्यांना जड गेलं.

यंदा डॉक्टरांनी गोळ्या फेब्रुवारीच्या अखेरीसच वाढवून दिल्या. घराला काळपट निळे पडदे आले. कांताबाई कुडाळला गेल्या त्या फक्त आठ दिवसांसाठी, आणि जाताना 'मी नाही घाबरून जात, बहिणीला बघायला जातेय' असं दोनदा सांगून गेल्या. उन्हाळा यायचा तो आलाच. मेमध्ये दहा-बारा दिवस वाईट गेले, पेन्सिलीला टोक करणारा छातीत येऊन बसला, वरणभाताचा पुन्हा कागद झाला. उपवनला सकाळी चालताना दोनदा ते बाकावर बसून रडले, आणि शेजारून हसण्याचा व्यायाम करणारा एक गट हात वर करून हा-हा-हा करत गेला, तेव्हा त्यांच्याबद्दल मनात जे आलं ते त्यांनी एका नोटिशीत लिहिलं. तो गट सोसायटीचा सभासद नाही, एवढा शेरा मारून सिस्टरनी ती नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली. पण झोप पाच तास टिकली. पट्टा जुन्याच भोकावर राहिला. सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटलं ते तीनदा. तीनही वेळा त्यांनी कांताबाईंना उठवून सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कांताबाईंच्या भाचीचं, नयनचं, डोंबिवलीला लग्न होतं. मेमधल्या लग्नाला साळसकर अकरा वर्षांत गेले नव्हते. दर वेळी आहेराचं पाकीट कांताबाईंच्या बहिणीबरोबर जायचं. या वेळी गेले. मुहूर्त बारा वाजून अठरा मिनिटांचा. एमआयडीसीच्या बाजूचा हॉल, पत्र्याचं छत, आणि बारा वाजता वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. गुरुजींनी नेमकं त्या दिवशी मंगलाष्टकांची सगळी कडवी म्हणायचं ठरवलं. अडीचशे माणसं मुठीत अक्षता घेऊन शिजत होती, आणि हॉलचा मॅनेजर 'दोन मिनिटांत येते' असं पाऊण तास सांगत होता.

साळसकर उठले. कांताबाईंनी शर्ट धरायला हात केला, तोवर ते पुढे गेले होते. सोनलने नवऱ्याला, प्रीतमला, कोपराने ढोसलं, "जा ना, बाबांना धर."

साळसकर मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांनी त्याला पाच मिनिटं, न थांबता, अस्सल शब्दांत झाडलं. जनरेटरच्या देखभालीपासून सुरुवात करून ते त्याच्या शर्टाच्या इस्त्रीपर्यंत आले. मागे गर्दी जमली. लोक 'बरोबर आहे!' म्हणायला लागले. नवऱ्या मुलाच्या काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मॅनेजर धावत गेला, कुठून तरी डिझेल आणलं, आणि पंखे फिरले.

साळसकर परत येऊन बसले. कांताबाई त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या, सिस्टरसारख्या.

"काय बघतेस? चिडण्यासारखंच होतं."

"होतं खरं," कांताबाई म्हणाल्या.

जेवताना त्यांनी दोन जिलब्या घेतल्या आणि मठ्ठा थोडा पातळ आहे म्हणाले, पण दोन वाट्या प्यायले. संध्याकाळी प्रीतम त्यांना गाडीने ठाण्याला सोडायला निघाला. शिळफाट्याच्या चढाला ट्रकांची रांग लागली होती. साळसकर पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, हातात लग्नातला नारळ तसाच.

मागून कांताबाईंनी प्रीतमच्या खांद्याला हात लावला. "हॉर्न नको वाजवूस रे," त्या हळूच म्हणाल्या. "घाई नाही आपल्याला."